एकशे ब्याण्णव शब्द

९ जानेवारी

आन्स मोलीन या समुद्रकाठच्या गावी येऊन पडलो. राजधानीतून, कास्त्रीहून, मिनीबसने अडीच तास, त्यातला शेवटचा तास नुसती वळणं. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि घरात बसून भिंतींशी भांडायची वेळ आली होती, म्हणून हे काम घेतलं. इथल्या शाळेतून गेल्या वर्षी इंग्रजीत एकही मूल पास झालं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पोलियस सर, मुलं हुशार आहेत. पण बोलतात आपली क्वेयोल बोली, भांडतात क्वेयोल, स्वप्नंही क्वेयोलमध्येच पडतात. प्रश्नपत्रिकेतले शब्द त्यांना परके वाटतात." मी म्हटलं, शब्दच परके असतील तर ओळख करून देऊ.

घर चर्चच्या वरच्या टेकाडावर आहे. दोन खोल्या, लाकडी, वर पत्रा. मालक इंग्लंडला असतो, घर सांभाळतो इन्यास शार्लेरी. तोच चर्चचीही देखभाल करतो. सत्तरीचा, अजून ताठ. किल्ली फाटकापाशीच हातात दिली, आत आला नाही. म्हणाला, "मास्तर, दाराला कडी आहे, पण दिवसा लावू नका."

"का, उकडतं का आत?"

"नाही. लावू नका एवढंच."

आधी इथे कोण राहायचं विचारलं, तर म्हणाला, "मालकाची आई. वारली." आणि उतारावरून निघूनही गेला. किनाऱ्यावर शेवाळ कुजल्याचा वास आहे. सवय होईल.

१२ जानेवारी

पहिला तास. अकरा मुलं, सगळी पंधरा-सोळाची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दोन ते साडेतीन. माझी पद्धत त्यांना सांगितली: दर तासाला आठ शब्द, प्रत्येक शब्द एका कार्डावर, अर्थ कार्डावर लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा. घरी जाऊन प्रत्येक शब्दाचं स्वतःचं वाक्य. पुस्तकातलं उचललेलं वाक्य दिसलं की शून्य.

आजचा पहिला शब्द 'सफिशन्ट', म्हणजे पुरेसं. डार्निल नावाचा एक वात्रट आहे. म्हणाला, "सर, असे शब्द माणसं बोलतात का?"

"शिकलेली माणसं बोलतात."

"मग बरोबर. माणसं नाही बोलत."

सगळे हसले, मीही हसलो. एकटी केतुरा हसली नाही. इन्यासची नात, मागच्या बाकावर बसते. तिने विचारलं, "सर, हे शब्द म्हाताऱ्या माणसांना कळतात का?"

"तुझ्या आजोबांना विचारून बघ."

"प्रश्नपत्रिकेतले विचारले होते. नाही कळत. आणि ज्या कधी शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना?"

"त्यांना तर नाहीच कळणार."

तिने मान हलवली आणि आठही शब्द नीट उतरवून घेतले. अशी जिज्ञासा असलेलं एक जरी मूल वर्गात असलं तरी बाकीचे ओढले जातात.

१६ जानेवारी

दिवसाची घडी बसली. तास संपला की घरी येतो, कोको-चहा करतो, आणि पुढच्या तासाची आठ कार्डं घेऊन येरझाऱ्या घालत मोठ्याने वाचतो. आधी इंग्रजी शब्द, मग त्याचा अर्थ साध्या क्वेयोलमध्ये, अगदी एखाद्या आजीला समजावून सांगावं तसा. तीस वर्षांची सवय आहे. क्वेयोलमध्ये सांगता आला नाही तर तो शब्द आपल्यालाच कळलेला नाही असं समजावं.

चारच्या सुमाराला दारावर थाप पडते. रोज. उघडलं तर कुणी नसतं. दार समुद्राच्या तोंडावर आहे आणि त्या वेळी वारा फिरतो, त्याने फळी हलत असणार. माणसाची थाप असणं शक्य नाही, कारण या गावात कुणी दार वाजवतच नाही. रस्त्यावर उभे राहून "मास्तर, ओ मास्तर" असा पुकारा करतात आणि आपण बाहेर येईपर्यंत थांबतात. दुकानवाल्या मादाम फिलो तर फाटकाच्याही पलीकडे थांबतात. खारवलेला मासा द्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, "या ना वर, दार वाजवायचं." त्या म्हणाल्या, "दार नाही हो वाजवत आम्ही," जणू मी काही घाणेरडं बोललो होतो.

२३ जानेवारी

वह्या तपासल्या. व्याकरण ठीक, वाक्यं विचित्र.

'सफिशन्ट'चं केतुराचं वाक्य: चर्चमध्ये एकशे चाळीस माणसांना पुरेशी जागा होती आणि आणखी एका माणसालाही पुरेशी जागा आहे. मी लाल शाईने लिहिलं, 'काळ बदलू नये. होती.'

डार्निलने 'एक्सक्लूड', म्हणजे वगळणे, याचं वाक्य केलं: एका बाईला वगळलं गेलं. मी विचारलं, कशातून? वाक्य अपुरं आहे. अर्धाच गुण दिला.

जर्वीस म्हणून एक आहे, होडीवाल्याचा मुलगा. त्याने 'लोकेशन' वापरलं: ती बाई ज्या ठिकाणी सापडली ते ठिकाण आणि सांगितलेलं ठिकाण एक नाही. हे वाक्य मात्र उत्तम. परीक्षेत असंच हवं.

एक खटकलं. अकरांपैकी सात जणांच्या वाक्यांत कुणीतरी बाई आहे. एकमेकांचं बघून लिहितात. सोमवारपासून बाकं लांब लांब.

३० जानेवारी

बाकं लांब केली. वाक्यं आता तासातच, माझ्यासमोर लिहून घेतली. आता नऊ जणांच्या वाक्यांत बाई आहे.

'पर्सिस्ट', म्हणजे चिकाटीने करत राहणे. केतुरा: ती हाक मारत राहते. मी पुन्हा 'राहिली' केलं. तिने हात वर केला. "सर, जे संपलेलं नाही त्याला कुठला काळ?"

"चालू वर्तमानकाळ."

"मग माझं बरोबर आहे."

तर्क बिनतोड होता, गुण द्यावा लागला. मी म्हटलं, "कोण ही बाई? गोष्ट लिहिताय का सगळे मिळून?" सगळे वह्यांत बघू लागले. डार्निलही, आणि हे नवलच. मग जर्वीस म्हणाला, "सर, इंग्रजीत लिहायला बरं वाटतं."

नोंद करून ठेवावी असं वाक्य. तीस वर्षांत कुठल्या मुलाने मला असं म्हटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

वर्गाबाहेरही कुणीतरी शिकतंय. संध्याकाळी कार्डं वाचताना मागच्या फळीआडून माझ्यामागून शब्द म्हटलेला ऐकू येतो. हलका आवाज, मुलीचा असेल किंवा आवाज फुटायच्या आधीच्या पोराचा. 'एव्हिडन्स' असं मी म्हटलं की थोडं थांबून तोच शब्द येतो, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन, आमच्या म्हाताऱ्या बायका इंग्रजी नावं म्हणतात तसा. पहिल्या दिवशी चिडलो, टवाळी वाटली. मागे जाऊन पाहिलं तर केळीची झाडं आणि घडांना बांधलेल्या निळ्या पिशव्या, दुसरं काही नाही. पोरं पळाली असतील.

आज चिडलो नाही. मोठ्याने म्हटलं, "जोर पहिल्या अक्षरावर. ए-व्हिडन्स. पुन्हा." थोड्या वेळाने आला, बरोबर आला. मी म्हटलं, "शाब्बास."

शिकायची इतकी ओढ असलेलं मूल वर्गात का येत नाही? मुख्याध्यापिकांना विचारायला हवं. आता मी अर्थ जरा सावकाश सांगतो.

१३ फेब्रुवारी

चारची थाप बंद झाली आहे. वारा बदलला असावा.

कार्डांची पेटी मी अक्षरक्रमाने लावून ठेवतो. आज शाळेतून आलो तर तीन कार्डं बाहेर, टेबलावर ओळीने: 'रिक्वेस्ट', 'डिनाय', 'इंटीरियर'. विनंती, नाकारणे, आतला भाग. मागचं मूल आत येऊन खेळून गेलं असणार, दार तर दिवसभर उघडंच असतं. चोरीला काही गेलं नाही. परत लावून ठेवली.

रविवारी चर्चला गेलो. पाऊस तिरपा येत होता आणि पुढचं मोठं दार सताड उघडं. मागची चार बाकं भिजत होती, तरी कुणी उठून लोटलं नाही. गेल्या वर्षी बदलून आलेले पाद्री मला नंतर म्हणाले, "इथली रीत आहे म्हणे. मी एकदा दार लावलं, तर अर्धं गाव उठून बाहेर गेलं."

२० फेब्रुवारी

परीक्षेच्या गुणांतले काही गुण एका निबंधाला असतात, तो आधी लिहून पाठवायचा. विषय: माझ्या गावातली एक घटना. मी मुलांना सांगितलं, आपले शब्द वापरा, भावना नकोत, कोण-काय-कधी-कुठे एवढंच, न्यायाधीशासमोर लिहिल्यासारखं.

केतुराने विचारलं, "नावं घालायची?"

"घटना खरी असेल तर घालायला हवीत."

तिने एकदा डार्निलकडे पाहिलं, एकदा जर्वीसकडे. जर्वीसने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "सर, मी एकटीच लिहिते. सगळ्यांचं मिळून एकच आहे."

२ मार्च

आजचा तास लिहायला हवा, कारण त्यानंतर काय बिघडलं ते मला कळलेलं नाही.

दोन शनिवारचे जादा तास धरून चोवीस तास पूर्ण झाले, म्हणजे एकशे ब्याण्णव शब्द. मुलांनी चांगली मेहनत घेतली म्हणून मी खुशीत होतो. म्हटलं, "मीही तुमच्याइतकाच अभ्यास करतो. रोज घरी आठही शब्द मोठ्याने म्हणतो, क्वेयोलमध्ये अर्थ सांगतो, तेव्हा कुठे वर्गात येतो."

डार्निलच्या हातातून पेन्सिल पडली. "घरी म्हणजे कुठे, सर? तुमच्या घरी?"

"माझ्या घरी नाही तर काय तुझ्या घरी?"

"टेकाडावरच्या? मोठ्याने?"

"मोठ्याने. चांगला खणखणीत."

जर्वीस उठला, वह्या घेतल्या आणि निघून गेला. मग आणखी दोघं. केतुरा बसून राहिली, पण तिचा रंग उतरला होता. ती म्हणाली, "अर्थसुद्धा सांगता, सर? क्वेयोलमध्ये?"

"अर्थ न सांगता शब्द शिकवायचा कसा?"

तिने वही मिटली.

४ मार्च

तासाला दोनच मुलं. केतुरा आणि डार्निल. डार्निल म्हणाला, "माझी आई म्हणते जाऊ नको, पण मी घरात बसून जास्त घाबरतो."

६ मार्च

शेवटी केतुराला शाळेच्या पायरीवर बसवलं आणि म्हटलं, काय ते सांग. ती इंग्रजीत सांगू लागली. मी म्हटलं, क्वेयोलमध्ये सांग, मला सोपं पडेल. तिने मान हलवली. सगळं इंग्रजीतच सांगितलं, अडखळत, माझेच शब्द वापरून. इथे मी माझ्या भाषेत लिहितो.

सात वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं. सगळं गाव चर्चमध्ये शिरलं, एकशे चाळीस माणसं. दुपार होती, पण आत काळोख. माझ्या घरात तेव्हा मा तास्या राहायची. तिने सांगून पाठवलं होतं, मी घर सोडणार नाही. मग तिचा पत्रा उडाला असणार, कारण चारच्या सुमाराला ती चर्चच्या दाराशी आली. दार वाजवू लागली. दार चार पुरुषांनी आडव्या वाशाने धरलं होतं. उघडलं असतं तर वारा आत शिरून छप्पर घेऊन गेला असता. गावातली अर्धी मुलं मा तास्याच्या हातून जन्मलेली, तिला सगळ्यांची नावं पाठ. ती एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होती. केतुराचंही घेतलं. केतुरा नऊ वर्षांची होती. तिच्या आईने तिचे कान दाबून धरले, तरी आलं ऐकू.

वादळ थांबल्यावर ती पायरीवर सापडली. पुरुषांनी तिला वर घरात नेऊन अंथरुणावर निजवलं, आणि सगळ्यांना, सरकारला, इंग्लंडमधल्या तिच्या मुलाला, सांगितलं की ती झोपेत गेली.

"तेव्हापासून तिचं नाव कुणी घेत नाही," केतुरा म्हणाली. "क्वेयोलमध्ये तिच्याबद्दल काही बोललं की तिला ऐकू जातं. मग ती येते आणि वाजवते. आम्ही मुलं आपसातसुद्धा बोलत नव्हतो. तिला फक्त इंग्रजी येत नव्हतं. आमचं इंग्रजी एवढं नव्हतं की त्यात हे सगळं सांगता येईल. मग तुम्ही आलात."

मी विचारलं, "आणि आता?"

"आता तिला आमच्याइतकं येतं, सर."

मी तिला समजावलं की मेलेली माणसं शब्द शिकत नाहीत. तिने ऐकून घेतलं, एखाद्या पाहुण्याचं ऐकावं तसं.

९ मार्च

घरात मोठ्याने वाचणं थांबवलं आहे. भीतीने नाही. मुलं परत यावीत म्हणून. गावात सांगितलंही तसं, मादाम फिलोच्या दुकानात, चार जणांसमोर. त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग, मास्तर. दिलेलं परत कसं घेणार?"

संध्याकाळ फार लांब वाटते. आज पेटीजवळ बसलो होतो तेव्हा मागच्या फळीआडून 'रिझ्यूम' असा शब्द आला. पुन्हा सुरू करणे. उच्चार निर्दोष होता. मी उत्तर दिलं नाही. मुलं कुठल्या थराला जातात.

१४ मार्च

इन्यास आला. फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभा.

"मास्तर, एक विचारायचं होतं. किती शब्द झालेत तिचे?"

हा माणूस वेडा नाही. चर्चच्या घंटेची दोरी, छपराचे खिळे, सगळं चोख ठेवतो. मी म्हटलं, "वर्गाचे म्हणत असाल तर एकशे ब्याण्णव."

"क्षमेचा झाला का त्यात?"

"तो परीक्षेच्या यादीत नाही."

"नसेलच," तो म्हणाला. "नातीने काहीतरी लिहिलंय म्हणे. परीक्षेला पाठवायचं. मला वाचता येत नाही. तुम्ही सांगाल काय लिहिलंय ते?"

निबंध टेबलावर होता. मी म्हटलं, आत या. तो उभाच राहिला, मग फाटक उघडून पायऱ्या चढला आणि उंबऱ्यात थांबला. सात वर्षांत पहिल्यांदा, असं नंतर म्हणाला. मी खुर्ची दिली. तो टोकावर बसला.

मी एकेक वाक्य वाचून त्याचं क्वेयोल करत गेलो. तारीख, वेळ, माणसांची संख्या, दाराची रुंदी. चार पुरुषांची नावं होती, पहिलं त्याचं. त्याने मान हलवली, "बरोबर." पुढे एक वाक्य आलं ज्यात केतुराने माझे चार शब्द एकात गुंफले होते. मी त्याला आधीच शाबासकीची खूण केली होती. ते असं: आतील समुदायाकडे तिच्या उपस्थितीचा पुरेसा पुरावा उपलब्ध होता. ते मला क्वेयोलमध्ये करता येईना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबलो. समुदाय, उपस्थिती, पुरावा, असलं काही आमच्या भाषेत कुणी बोलत नाही.

इन्यास म्हणाला, "काय म्हणतेय ती?"

"म्हणजे असं, की आत जे लोक होते, त्यांना कळण्याइतपत..."

"आम्ही ऐकलं," इन्यास म्हणाला. "असं म्हणतेय ना? मग तसं म्हणा. आम्ही ऐकलं होतं."

त्याने ते मोठ्याने म्हटलं, क्वेयोलमध्ये, त्या खोलीत. बाहेर केळीची पानं हलत होती, आत काहीच हललं नाही. मी मान्य करतो की मी वाट पाहत होतो.

जाताना तो म्हणाला, "पाठवा ते. पण आधी सेल्विनला कळलं पाहिजे. त्याने ते परक्या माणसाच्या कागदावर वाचू नये."

सेल्विन म्हणजे तिचा मुलगा, माझा घरमालक.

२१ मार्च

आठवडा झाला, इन्यासला अजून धीर होत नाही. दोनदा आला, दोनदा फोनला हात न लावता परत गेला. तिसऱ्यांदा सरळ चर्चमध्ये गेला आणि बाकं पुसत बसला. केतुरा म्हणते, तो घरात जेवत नाही, उकडलेली केळी ताटात तशीच राहतात.

दरम्यान पाच मुलं तासाला परत आली. डार्निल म्हणतो, "सर, आता लपवण्यासारखं काही राहिलंच नाही, मग मार्क तरी मिळवू." नवे शब्द देत नाही, जुनेच घोटून घेतो.

२२ मार्च, रविवार

चर्च सुटल्यावर इन्यास आणि केतुरा थेट इकडे आले. माझ्या फोनवरून लावला. केतुराने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. तिथे दुपार कलली असावी, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"सेल्विन, मी इन्यास."

"काका. घराचं काही बिघडलं का?"

"घराचं नाही. तुझ्या आईचं आहे."

मग त्याने सांगितलं. मी निबंध पुढे सरकवला होता, पण त्याने पाहिलाही नाही. "आम्ही तुला कळवलं की ती झोपेत गेली. ते खोटं होतं. ती चर्चच्या पायरीवर गेली. तिने दार वाजवलं, नावं घेतली. आम्ही ऐकलं. वासा माझ्या हातात होता. बाकीचे तिघं माझ्या शब्दावर थांबले होते."

पलीकडे भांड्यांचा आवाज बंद झाला. कुणी तरी दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

"किती वेळ?" सेल्विनने विचारलं.

"काय किती वेळ?"

"किती वेळ वाजवत होती?"

"मला मोजता आलं नाही रे. खूप वेळ."

केतुराने आजोबांचा हात धरला. मला वाटलं सेल्विनने फोन ठेवला. मग त्याने अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "काका, ते दार कसलं होतं? जड होतं का?"

"लाकडी, दोन झडपांचं. वादळात चार जण लागले धरायला. का विचारतोस?"

"माझी एल्सी," तो म्हणाला. "सहा वर्षांची आहे, माझी आई गेल्यानंतरची. जानेवारीत तिने सुरू केलं, आजी येऊन बसते म्हणून. पलंगाच्या कडेला बसते आणि बोलते. आम्ही म्हटलं, खेळ आहे पोरीचा. पण एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगते. आजी म्हणते दार फार जड होतं, कुणालाच उघडता आलं नसतं. कुठलं दार, विचारलं तर तिला माहीत नाही. आम्हालाही नव्हतं."

इन्यासने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला.

मला मध्ये बोलायचं नव्हतं. पण विचारलं. "मी पोलियस, तुमच्या घरात राहतो. तुमची मुलगी क्वेयोल बोलते का?"

"नाही हो मास्तर. तिची आई इंग्रज, घरात सगळं इंग्रजी."

"मग आजी तिच्याशी कुठल्या भाषेत बोलते?"

"तेच तर. इंग्रजीत. माझ्या आईला 'गुड मॉर्निंग'च्या पुढे एक शब्द येत नव्हता. मी फोनवर नेहमी म्हणायचो, उद्या मला पोरं झाली तर तू त्यांच्याशी बोलणार कशी? ती म्हणायची, शिकेन. आणि आता ही पोर म्हणते की आजी मोठे मोठे शब्द बोलते, निम्मे कळत नाहीत. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, हे शब्द हिला घरी कोण शिकवतं."

केतुराने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं.

सेल्विन म्हणाला, "काका, मी नंतर करतो फोन. तुमच्यावर चिडायला हवं, ते मला जमेल की नाही बघतो." आणि ठेवला.

इन्यास बराच वेळ पायरीवर बसून होता. मी नीरफणस भाजला होता, त्यातला अर्धा त्याने खाल्ला, मीठ मागून घेतलं. केतुराने निबंध पाकिटात घातला, पाकीट जिभेने ओलं करून बंद केलं. जाताना तिने विचारलं, "सर, तिला निम्मे शब्द कळत नाहीत, असं म्हणाले ना ते?"

"सहा वर्षांची आहे. परीक्षेचे शब्द तिला कसे कळतील?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि आजोबांना हाताला धरून उतारावरून घेऊन गेली.

मुलं कुठून काय उचलतात सांगता येत नाही. टीव्ही दिवसभर चालू असतो तिकडे. योगायोगही असतात. हे सगळं मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या वाचताना मला माझं मत सापडेल.

दुपारी पुढच्या आठ कार्डांना बसलो. परीक्षेची यादी काढली होती, ती बाजूला ठेवली. कोऱ्या कार्डांवर मांजर लिहिलं, पाऊस, उशी, बटाटा, गुदगुल्या, झोका, चंद्र, उद्या. सहा वर्षांच्या मुलीशी बोलताना लागतील असे. मग उभा राहिलो आणि एकेक करून, सावकाश, खणखणीत आवाजात वाचले. आधी इंग्रजी, मग अर्थ.